स्टेमचा पहिला घटक: आराखड्यांच्या गर्दीतून वर्गापर्यंत

विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी आणि गणित एकत्र गुंफून शिकवायचं, म्हणजे स्टेम, ही जबाबदारी पहिल्यांदा अंगावर आली की शिक्षक आधी वाचायला बसतो. तासाभरात डोक्यात नावं घोळायला लागतात: फाइव्ह-ई, बॅकवर्ड डिझाइन, टीपॅक, प्रकल्पाधारित शिक्षण, डिझाइन प्रक्रिया. प्रत्येकाची एक आकृती असते, आकृतीत बाण असतात, आणि वाचताना प्रत्येक बरोबरच वाटतं. मग आपण घ्यायचं कोणतं?

प्रश्न अवघड वाटतो, कारण ही सगळी नावं एका जातीची नाहीत. काही आराखडे काय शिकवायचं ते सांगतात. अमेरिकेत २०१३ साली आलेली नेक्स्ट जनरेशन सायन्स स्टँडर्ड्स या प्रकारातली. विषयातल्या मूळ संकल्पना, शास्त्रज्ञ आणि अभियंते कामात वापरतात त्या आठ पद्धती, आणि सगळ्या विज्ञानशाखांत पुन्हा पुन्हा भेटणाऱ्या सात व्यापक कल्पना, असे तीन पदर त्यात एकत्र आणले आहेत. दुसऱ्या प्रकारचे आराखडे घटक कोणत्या क्रमाने पुढे न्यायचा ते सांगतात. फाइव्ह-ई आणि डिझाइन प्रक्रिया इथे बसतात. तिसरे, टीपॅकसारखे, शिक्षकाला स्वतःला काय काय यायला हवं याबद्दल बोलतात. त्यामुळे ‘फाइव्ह-ई चांगलं की टीपॅक?’ या प्रश्नाला उत्तरच नाही.

काय शिकवायचं ते बहुतेक वेळा अभ्यासक्रमाने ठरवलेलंच असतं. नव्या शिक्षकाच्या हातात खरी निवड उरते ती क्रमाची. म्हणून हा लेख मुख्यतः क्रमाबद्दल आहे, आणि तोही एकाच घटकाचा हात धरून: साधा लंबक. दोरा, वजन आणि घड्याळ एवढंच लागतं, आणि चारही विषय त्यात ओढूनताणून आणावे लागत नाहीत.

पायरी १: शेवटचा प्रश्न आधी लिहा

टाचण काढायला बसलात की उपक्रमापासून सुरुवात करू नका. घटक संपल्यावर प्रत्येक विद्यार्थ्याला एकट्याने, कागदावर, कोणाच्या मदतीशिवाय काय करता आलं पाहिजे, ते आधी लिहा. ग्रँट विगिन्स आणि जे मॅकटाय यांनी १९९८ साली मांडलेल्या बॅकवर्ड डिझाइनचा गाभा हाच आहे: आधी अपेक्षित फलित, मग ते साधलं हे कशावरून ओळखणार ते, आणि सगळ्यात शेवटी उपक्रम.

‘मुलांना लंबक समजेल’ हे फलित नव्हे, कारण ते तपासता येत नाही. ‘लंबकाची लांबी चौपट केली तर दोलनकालाचं, म्हणजे एकदा जाऊन परत यायला लागणाऱ्या वेळेचं, काय होईल ते कारणासह सांगता येईल’ हे तपासता येतं. त्याच्या जोडीला वर्गात न केलेला एक प्रश्न तयार ठेवा. उदाहरणार्थ: झोपाळ्यावर बसून झोके घेणारा मुलगा त्याच झोपाळ्यावर उभा राहिला, तर एका झोक्याला लागणारा वेळ वाढेल, कमी होईल की तेवढाच राहील? (उभं राहिलं की शरीराचा गुरुत्वमध्य वर सरकतो, लंबकाची परिणामी लांबी कमी होते, म्हणून वेळ थोडा कमी होतो.) हा प्रश्न घटक चालू असताना वर्गात अजिबात काढायचा नाही.

पायरी २: चारांत पुढारी कोण, ते ठरवा

एकाच घटकात चारही विषय सारख्या मापाने घालण्याचा अट्टहास नवशिक्यांना सगळ्यात महाग पडतो. एका घटकात एक विषय पुढे चालतो, दुसरा त्याला आधार देतो, उरलेले दोन गरजेपुरते येतात. लंबकाच्या घटकात विज्ञान पुढे आहे आणि गणित त्याच्या खांद्याला खांदा लावून. अभियांत्रिकी शेवटी येते, तंत्रज्ञान मोजमापापुरतं.

एक सोपी कसोटी आहे. आखलेल्या प्रकल्पातून गणित काढून टाका आणि बघा, काम तसंच पुढे जातं का? काड्यांचा पूल, पुठ्ठ्याचा ज्वालामुखी, रंगवलेली पवनचक्की, या गोष्टी बहुतेकदा तशाच पुढे जातात. मुलं खूश असतात, पालकांना फोटो आवडतात, पण मोजमाप नाही, अंदाज नाही, अंदाज चुकल्यावर केलेला बदल नाही. तो हस्तकलेचा चांगला तास झाला. हस्तकलेला माझा विरोध नाही, फक्त तिला स्टेमच्या रकान्यात लिहू नये. तोच पूल ‘दिलेल्या काड्यांत जास्तीत जास्त वजन पेला, आणि किती पेलेल ते आधी सांगा’ या अटीवर बांधायला दिला की चित्र बदलतं.

पायरी ३: कामानुसार क्रम निवडा

नवी संकल्पना रुजवायची असेल तर फाइव्ह-ई घ्या. बायॉलॉजिकल सायन्सेस करिक्युलम स्टडी या अमेरिकी संस्थेत रॉजर बायबी आणि सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकात हा क्रम तयार केला. त्याची मुळं आणखी मागे, मायरन ॲटकिन आणि रॉबर्ट कार्प्लस यांच्या १९६०च्या दशकातल्या अध्ययनचक्रात आहेत. एंगेज, एक्सप्लोअर, एक्सप्लेन, इलॅबोरेट, इव्हॅल्युएट असे पाच टप्पे. म्हणजे आधी प्रश्नात ओढून घ्यायचं, मग मुलांना स्वतः चाचपून बघू द्यायचं, मग स्पष्टीकरण, मग तीच कल्पना नव्या ठिकाणी ताणून बघायची आणि अखेर पडताळणी. यातली खरी कळ दुसऱ्या आणि तिसऱ्या टप्प्यांच्या क्रमात आहे: अनुभव आधी, संज्ञा नंतर.

आधीच शिकलेली संकल्पना वापरून काही बनवायचं असेल तर डिझाइन प्रक्रिया घ्या: गरज आणि मर्यादा ठरवणं, पर्याय सुचवणं, एक नमुना बनवणं, तपासणं, सुधारणं, पुन्हा तपासणं.

गणितातली संकल्पना पुढे असेल तर वस्तू, मग चित्र, मग चिन्ह हा क्रम उपयोगी पडतो. जेरोम ब्रूनर यांनी १९६०च्या दशकात कृती, प्रतिमा आणि चिन्ह अशा तीन रूपांची मांडणी केली होती. सिंगापूरच्या गणिताच्या अभ्यासक्रमामुळे हा क्रम जगभर पोचला.

एका घटकाला एक मुख्य क्रम पुरे. आपण फाइव्ह-ई घेऊ आणि डिझाइन प्रक्रियेला त्याच्या चौथ्या टप्प्यात जागा देऊ.

पायरी ४: घटक वर्गात नेताना

सुरुवातीला वर्गासमोर एक लंबक टांगा, हलवा आणि एकच प्रश्न विचारा: याची एक फेरी लवकर पूर्ण व्हावी म्हणून काय बदलाल? वजन, दोऱ्याची लांबी, की किती दूर ओढून सोडायचं ते? प्रत्येकाने उत्तर आणि कारण वहीत लिहायचं. हात वर करायला सांगू नका. हुशार समजल्या जाणाऱ्या मुलाचा हात वर गेला की अर्धा वर्ग त्याच्या मागे जातो. लिहिलेला अंदाज मात्र नंतर पुसता येत नाही. आधी भाकीत, मग निरीक्षण, मग स्पष्टीकरण ही पद्धत याच कारणासाठी वापरतात. पुष्कळ मुलं वजनावर बोट ठेवतात. ठेवू द्या. ‘बघू या’ एवढंच म्हणा. चेहऱ्यावरही उत्तर दिसू देऊ नका.

आता मुलांच्या हातात साहित्य द्या: न ताणणारा दोरा, हुक, सारखे नट किंवा वॉशर, मोजपट्टी, सेकंदकाटा असलेलं घड्याळ किंवा स्टॉपवॉच. गटात तिघं-चौघं पुरेत. एक सोडतो, एक मोजतो, एक वेळ घेतो, एक लिहितो. फेरीगणिक कामं बदलायची, नाही तर लिहिणारी मुलगी शेवटपर्यंत लिहीतच राहते.

इथे प्रयोग बिघडण्याच्या काही ठरलेल्या जागा आहेत. त्या तुम्हाला आधीपासून माहीत हव्यात, मुलांना मात्र सगळ्या आधी सांगायच्या नाहीत.

पहिली जागा मोजण्याची. मुलं गोळा सोडताना ‘एक’ म्हणतात, त्यामुळे दहा म्हणेपर्यंत नऊच दोलनं होतात आणि दोलनकाल १० टक्क्यांनी कमी येतो. सोडताना ‘शून्य’ म्हणायचं.

दुसरी, एकच दोलन मोजण्याची. बटण दाबण्यातली मानवी दिरंगाई साधारण ०.२ सेकंद धरा. एका सेकंदाच्या दोलनात ही चूक २० टक्के होते. दहा दोलनांचा वेळ घेऊन दहाने भागलं की ती २ टक्क्यांवर येते. हा हिशेब फळ्यावर जरूर करून दाखवा. सरासरी का काढतात हे मुलांना सहसा इथेच पहिल्यांदा पटतं.

तिसरी जागा सगळ्यात लबाड. ‘वजन वाढवा’ म्हटलं की मुलं एका नटाखाली दुसरा, त्याखाली तिसरा अशी माळ लावतात. वजन वाढतं, पण त्याबरोबर गुरुत्वमध्य खाली जातो, म्हणजे लंबक लांब होतो. २५ सेंटिमीटरच्या लंबकात मध्य ३ सेंटिमीटर खाली गेला तर दोलनकाल जवळपास ६ टक्के वाढतो, आणि ‘वजनाने फरक पडतो’ असा निष्कर्ष वहीत उतरतो. सगळे नट एकाच हुकात अडकवले की हा घोळ मिटतो. पण लगेच दुरुस्त करायला धावू नका. माळ लावणारा गट आणि हुकात अडकवणारा गट यांचे आकडे शेजारी शेजारी लिहा आणि फरक कुठून आला ते वर्गालाच शोधू द्या. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा नियम व्याख्येतून सांगण्यापेक्षा या वादातून फार लवकर शिकवला जातो.

चौथी, कोनाची. गोळा २० अंशांपेक्षा कमी कोनातून सोडला तर कोनाचा परिणाम मुलांच्या घड्याळात दिसणार नाही. ६० अंशांवरून सोडला तर दोलनकाल सुमारे ७ टक्के वाढतो. एखाद्या गटाने ‘दूर ओढल्यावर वेळ वाढला’ म्हटलं तर त्यांना चूक ठरवू नका, कारण ते बरोबर असण्याची शक्यता बरीच आहे.

बाकी किरकोळ: लंबक हातात धरू नये, स्टँडला किंवा टेबलाच्या कडेला पक्का बांधावा, आणि लांबी टांगण्याच्या बिंदूपासून गोळ्याच्या मध्यापर्यंत मोजावी.

पहिल्या फेरीत लांबी गटांनी हवी ती घ्यावी. त्यातून वजन नव्हे, लांबी महत्त्वाची, एवढं बाहेर येतं. दुसऱ्या फेरीत लांब्या तुम्ही द्या: २५, ३६, ४९, ६४, ८१ आणि १०० सेंटिमीटर. दहा दोलनांना अनुक्रमे १०, १२, १४, १६, १८ आणि २० सेकंदांच्या आसपास वेळ येईल. लांबी वेडीवाकडी वाढतेय आणि वेळ मात्र दोन-दोन सेकंदांनी सरळ, हे कोणीतरी बोलून दाखवेपर्यंत थांबा. मग कोणीतरी लांब्यांकडे बघतं आणि म्हणतं, हे तर सगळे पूर्ण वर्ग आहेत. गणिताच्या शिक्षकांना त्या तासाला वर्गात बोलवायला मी नेहमी सुचवतो.

वर्गमूळ अजून शिकवलेलं नसेल तर हा भाग सोडा. २५ आणि १०० सेंटिमीटर एवढीच तुलना ठेवा: लांबी चौपट, वेळ दुप्पट. मोठ्या वर्गांना मात्र लांबी आणि दोलनकालाचा आलेख काढायला लावा, तो वक्र येतो. दोलनकालाचा वर्ग घेतला की रेषा सरळ होते.

आता स्पष्टीकरण, आणि ते तुम्ही द्यायचं. स्टेममध्ये शिक्षकाने काही सांगायचंच नसतं, असा एक समज पसरला आहे. तो सोडून द्या. अनुभव घेऊन, गोंधळून, आकडे हातात घेऊन बसलेल्या मुलांना नेमक्या क्षणी नीट सांगणं हेच शिकवणं आहे. दोलन, दोलनकाल, आयाम या संज्ञा इथे येतात. वजनाने फरक का पडत नाही तेही इथेच सांगा: जड गोळ्यावर गुरुत्वाकर्षणाची ओढ जास्त असते, पण त्याला हलवणं तितक्याच प्रमाणात कठीण असतं, आणि दोन्ही परिणाम एकमेकांना खाऊन टाकतात. सेंटिमीटरमधल्या लांबीचं वर्गमूळ घेऊन ०.२ने गुणलं की सेकंदांत दोलनकाल येतो, हे सोपं सूत्र मुलं स्वतःच्या तक्त्यातून काढू शकतात. पुस्तकातलं सूत्र त्यानंतर फळ्यावर आलं तर ते परकं वाटत नाही.

पायरी ५: मोकळीक किती द्यायची

शोधपद्धतीच्या चार पातळ्या मानल्या जातात. पहिलीत प्रश्न, कृती आणि उत्तर तिन्ही माहीत असतं, मुलं फक्त पडताळतात. दुसरीत प्रश्न आणि कृती शिक्षक देतात, तिसरीत फक्त प्रश्न, आणि चौथीत प्रश्नही मुलांचाच असतो. नव्या शिक्षकाला चौथी पातळी खुणावते, कारण तीच खरी वैज्ञानिक वाटते. पण विषयात नवख्या असलेल्या मुलांना मोकळं सोडलं की त्यांची बरीचशी शक्ती काय करायचं हे ठरवण्यातच संपते. पॉल कर्शनर, जॉन स्वेलर आणि रिचर्ड क्लार्क यांनी २००६ साली किमान मार्गदर्शनाच्या पद्धतींवर याच अंगाने जोरदार टीका केली. त्यावर वादही झाले. माझ्या मते दोन्ही बाजूंना वर्गात जागा आहे, फक्त वेगवेगळ्या वेळी. लंबकाची पहिली फेरी दुसऱ्या-तिसऱ्या पातळीच्या मध्ये आहे. वर्षाच्या शेवटी, मोजमापाचा हात बसल्यावर, एखादा घटक चौथ्या पातळीवर करायला हरकत नाही.

पायरी ६: आता अभियांत्रिकी

गटांना काम द्या: एका मिनिटात बरोबर ६० दोलनं करणारा लंबक बनवा. मर्यादाही द्या: दिलेलंच साहित्य, टांगायला दिलेलीच जागा, आणि लांबी आधी गणिताने ठरवून वहीत लिहायची, मगच दोरा कापायचा. पुस्तकातल्या सूत्रानुसार उत्तर २५ सेंटिमीटरच्या किंचित खाली येतं. नमुना मात्र पहिल्याच फटक्यात बरोबर येत नाही. गाठ मारताना दोरा आखडतो, गोळ्याचा मध्य कुठे ते नक्की नसतं, मिनिटभरात झोका मंदावतो. मुलं ६१ किंवा ५८वर अडकतात आणि मग विचार सुरू होतो: कमी दोलनं होतायत, म्हणजे दोरा वाढवायचा की कमी करायचा?

इथे दुसऱ्या चाचणीला वेळ ठेवा. पहिल्या नमुन्यानंतर तास संपला तर डिझाइन प्रक्रिया झालीच नाही, फक्त बांधकाम झालं. पहिल्या आणि दुसऱ्या नमुन्यात काय बदललं, का बदललं आणि आकडा किती सरकला, या तीन ओळी प्रत्येक गटाने लिहायच्या.

पायरी ७: तंत्रज्ञान शेवटी

पुण्य मिश्रा आणि मॅथ्यू कोहलर यांनी २००६ साली टीपॅक मांडलं. ली शुलमन यांनी १९८०च्या दशकात विषयाचं ज्ञान आणि शिकवण्याचं ज्ञान यांच्या मिलाफावर जोर दिला होता, त्यात यांनी तंत्रज्ञानाची भर घातली. व्यवहारात याचा अर्थ एवढाच: ॲप निवडण्याआधी विचारा, हे नसतं तर कोणती गोष्ट दिसली नसती? स्प्रेडशीटमध्ये सगळ्या गटांचे आकडे एकत्र टाकले की विस्कळीत बिंदूंमधून वक्र उमटतो, तो एकट्या गटाच्या वहीत दिसत नाही. सेकंदाला ३० चित्रं घेणाऱ्या मोबाइल कॅमेऱ्यात एकेक चित्र पुढे सरकवून बटणाच्या दिरंगाईशिवाय वेळ मोजता येतो. हे दोन्ही उपयोग योग्य. पडद्यावर लंबक हलताना दाखवणारं ॲप हातात खरा लंबक असताना कशासाठी?

पायरी ८: तपासणी

गटाच्या कामाला गटाचे गुण देऊन थांबू नका. कोणाला काय कळलं ते त्यातून कधीच समजत नाही. प्रत्येकाकडून तीन भागांचं छोटं उत्तर लिहून घ्या: दावा, पुरावा, आणि पुराव्यावरून दावा कसा निघतो ते. ‘वजनाने दोलनकाल बदलत नाही, कारण आम्ही प्रयोग केला’ यात पुरावाही नाही आणि तर्कही नाही. ‘एक नट आणि चार नट एकाच हुकात लावले, लांबी २५ सेंटिमीटर कायम ठेवली, दहा दोलनांना १०.१ आणि १०.० सेकंद लागले. हा फरक आमच्या मोजण्याच्या चुकीपेक्षा लहान आहे, म्हणून वजनाचा परिणाम दिसत नाही’ हे पूर्ण उत्तर. पहिल्यांदा बहुतेक वह्यांत तर्काचा भाग कोरा असतो. एक नमुना उत्तर फळ्यावर मुलांसोबत बांधा, मग पुन्हा लिहायला लावा. त्यानंतर बाजूला ठेवलेला झोपाळ्याचा प्रश्न काढा.

वेळ कमी पडला तर

हा घटक निवांतपणे सहा-सात तासिका घेतो. भाकीत आणि पहिली फेरी मिळून दोन, दुसरी फेरी आणि आलेख एक, स्पष्टीकरण एक, ६० दोलनांचं काम दोन, तपासणी एक. चारच तासिका मिळाल्या तर स्प्रेडशीट आणि व्हिडिओ वगळा, दुसऱ्या फेरीच्या लांब्या गटांत वाटून द्या आणि आकडे फळ्यावर एकत्र करा. तरीही जमेना तर ६० दोलनांचं काम पूर्ण काढून टाका, पण एकाच चाचणीचं अर्धवट ठेवू नका. लिहिलेलं भाकीत आणि एकट्याने सोडवायचा शेवटचा प्रश्न या दोन गोष्टींना मात्र कात्री लावायची नाही. पहिल्या तासाच्या भाकितांच्या वह्या जपून ठेवा आणि शेवटच्या उत्तरांशेजारी ठेवून वाचा. पुढच्या वर्षीच्या टाचणात कोणती पायरी लांबवायची आणि कोणती उडवायची, ते त्यातूनच ठरवता येईल.